सरावाचा वर्ग

तक्त्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एके काळी टाचणीची भोकं होती. आता ती एकमेकांना मिळून त्यांच्या चिरा झाल्या होत्या. चिरांच्या कडेला चिकटपट्टीचे थर होते, सर्वांत खालचा मधासारखा पिवळा. डावीकडची चीर जास्त लांब होती, कारण बहुतेक जण तक्ता आधी डावीकडे टोचतात आणि मग उजवीकडे ओढतात. वनमाला राऊळ शेवटच्या बाकावर बसून हे पाहत होती. वर्गात पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तक्त्यावर मागणीचा वक्र होता, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी लाल रेघ. शेजारी चंद्रप्रकाश मयेकर उभा होता. एम. ए. अर्थशास्त्र, प्रथम वर्ग, आणि यंदा बी. एड.चा छात्राध्यापक. त्याने टाय बांधला होता आणि बोलताना तो त्या टायला हात लावून पाहत होता.

"मुलांनो, तुम्ही आईबरोबर बाजारात जाता का?"

"हो सर!" अकरावी क एका आवाजात म्हणाली.

"आंबे महाग असले तर आई किती आणते?"

"कमी!"

"आणि स्वस्त झाले तर?"

"जास्त!" आणि श्वासही न घेता, "मागणीचा नियम!"

चंद्रप्रकाश थांबला. त्याच्या पाठाच्या टाचणात प्रस्तावनेचे अजून दोन प्रश्न होते, आणि पाठाचं नाव त्यानंतर निघायचं होतं. त्याने ते दोन्ही प्रश्न विचारले. उत्तर येऊन गेल्यावर प्रश्न विचारायला एक प्रकारची चिकाटी लागते. ती त्याच्याकडे होती.

"सर," दुसऱ्या बाकावरची नीला केणी हळूच म्हणाली, "आता फळ्यावर नाव लिहायचं. त्याला मार्क असतात."

त्याने फळ्यावर नाव लिहिलं.

पुढे सगळं रीतसर झालं. दशरथ नावाच्या उंच मुलाने उभं राहून सांगितलं की किंमत वाढली की मागणी वाढते. वर्गात चुकीचं उत्तर देण्याचं काम दशरथकडे होतं. चूक झाली नाही तर शिक्षकाला ती दुरुस्त करण्याचं कौशल्य दाखवता येत नाही, हे त्याला कोणीतरी जुलैतच समजावलं होतं. "छान प्रयत्न!" चंद्रप्रकाश म्हणाला. "कोण दुरुस्त करेल?" साठ हात वर गेले. कोणाला उभं करायचं तेही हातांनाच माहीत असावं, कारण नीलाचा हात सर्वांत शेवटी आणि सर्वांत उंच गेला.

बी. एड.ची प्राध्यापिका म्हणून वनमालाने निरीक्षणाच्या कागदावर लिहिलं : आवाज सुस्पष्ट. फलकलेखन सुवाच्य. वर्गाचा सहभाग उत्तम. हे शब्द ती इतकी वर्षं लिहीत आली होती की आता ते हाताला येत, डोक्यात जावं लागत नसे.

बोरीवलीच्या त्या इमारतीत खाली शाळा, मधल्या मजल्यावर ज्युनियर कॉलेज आणि सर्वांत वर बी. एड.चं महाविद्यालय होतं. संस्था एकच. मागे दूरवर नॅशनल पार्कची झाडं दिसत, आणि तिथून माकडं येत म्हणून वरच्या मजल्याला जाळ्या बसवलेल्या होत्या. जूनमध्ये अकरावी कॉमर्सचे अर्थशास्त्राचे एक शिक्षक निवृत्त झाले. जागा भरायची होती. प्राचार्य देवस्थळींनी ती भरली नाही. "अहो राऊळबाई," ते म्हणाले, "वर चाळीस छात्राध्यापक बसलेत, त्यांना पाठ घ्यायला वर्ग मिळत नाही. खाली वर्ग आहे, त्याला शिक्षक नाही. याला म्हणतात साधनांचा पर्याप्त वापर! तुम्ही अर्थशास्त्राच्या, तुम्हाला काय सांगायचं." हे ते इतक्या आनंदाने म्हणाले होते की आनंद खरा असावा.

अकरावी अ आणि ब या तुकड्यांना शिक्षक राहिले. क तुकडी सरावाला गेली.

पद्धतिशास्त्राचा नियम असा की पाठ स्वयंपूर्ण असला पाहिजे. प्रस्तावनेपासून गृहपाठापर्यंत सगळं पस्तीस मिनिटांत. आदल्या दिवशीच्या छात्राध्यापकाने जिथे सोडलं तिथून पुढे जाणं म्हणजे दुसऱ्याचा पाठ चालवणं, आणि त्याला गुण नाहीत. मग प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करी. घटकही प्रत्येकाने स्वतः निवडायचा होता, म्हणून ज्याचा तक्ता तयार आणि ज्याचं जुनं टाचण मागच्या वर्षीच्या कोणाकडून तरी मिळतं, तोच घटक निवडला जाई. त्यामुळे जूनपासून अकरावी क मागणीचा नियम शिकत होती. मधूनमधून एखादी कल्पक मुलगी गरजांची वैशिष्ट्यं घेई.

या पाठांचं वेळापत्रक वनमाला लावत असे.

"मॅडम, पाठ झकास झाला ना?" चंद्रप्रकाशने जिन्यात तिला गाठलं.

"तुम्ही त्यांना काय शिकवलंत?"

"मागणीचा नियम."

"तो त्यांना येत होता."

"हो ना!" तो खुलला. "म्हणूनच रिस्पॉन्स एवढा. मॅडम, ब तुकडीला कोणी पाठच घेऊ नये. तिथली पोरं तोंडाकडे बघत बसतात. एकाने मला विचारलं, सर, मिठाची किंमत वाढली तर आपण मीठ कमी खातो का? आता सांगा, टाचणात नाही ते पाठात कुठून आणू?"

"एम. ए.ला मागणीची लवचिकता होती ना तुम्हाला?"

"होती की. लवचिकता असलेल्या पेपरला बासष्ट मार्क पडले होते." त्याने टाय सैल केला. "पण ते एम. ए.चं झालं, मॅडम. हे बी. एड. आहे. खरं शिकवायचं ते नोकरी लागल्यावर बघू यार... सॉरी, मॅडम."

तिला राग आला नाही. राग येण्यासाठी समोर कोणीतरी असावं लागतं.

सहामाहीचा पेपर तिन्ही तुकड्यांना एकच होता. अ आणि बच्या सरांनी काढलेला, बँकांवर, राष्ट्रीय उत्पन्नावर, लोकसंख्येवर. क तुकडीने जवळजवळ सगळ्या प्रश्नांना मागणीचा नियम लिहिला होता. काहींनी आकृती काढली होती, फार स्वच्छ. एका मुलीने उत्तराच्या शेवटी गृहपाठही दिला होता. शिक्षकांच्या खोलीत ते पेपर हातोहात फिरले आणि लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. देवस्थळीही हसले. "म्हणजे नियम पक्का झालाय," ते म्हणाले.

निकालानंतर नीला केणी वरच्या मजल्यावर आली. विद्यार्थ्यांना तिथे यायला मनाई होती. ती गोराईची, रोज होडीने खाडी ओलांडून यायची. तिची आई स्टेशनजवळच्या मंडईत मासळी विकायची.

"बाई, एक विचारू? बँकेचा धडा कधी येणार?"

"येईल."

"कधी पण? दिवाळी झाली. अ तुकडीचं पुस्तक संपत आलं." तिने जाळीबाहेर पाहिलं. "आई बोलली, वार्षिकला नापास झालीस तर बस झालं कॉलेज. बाजारात माझ्या बाजूला बस. आणि कॉलेजातून नाही काढलं तरी काय, बाई? परत अकरावी क. परत आंबे महाग, आंबे स्वस्त."

वनमालाने तिच्याकडे पाहिलं. मुलगी विनोद करत नव्हती.

"तुमच्यातल्या कोणी प्राचार्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, तुम्ही भाग्यवान आहात, तुम्हाला चाळीस शिक्षक आहेत."

खालच्या त्या जागेचा विचार वनमालाच्या मनात पहिल्यांदा आला तो जूनमध्ये. तिच्याकडे एम. ए. होतं, बी. एड. होतं, एम. एड. होतं. ती जागा मागितली तर नाही म्हणायला कोणाला कारण सापडलं नसतं. पण ते उतरणं होतं. प्राध्यापिकेची ज्युनियर कॉलेजातली शिक्षिका होणं. जूनमध्ये तिने ठरवलं, गणपतीनंतर बघू. गणपतीनंतर ठरवलं, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर देवस्थळींनी तिला खोलीत बोलावून दार लावलं आणि सांगितलं की जानेवारीत विद्यापीठाची समिती येणार आहे, ती खूश होऊन गेली की उपप्राचार्यपद मंजूर होईल आणि ते कोणाला द्यायचं याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. तेव्हा तिने ठरवलं, समिती येऊन जाऊ दे. असं ठरवणाऱ्या माणसाबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं.

तिने एक मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढण्यात ती पटाईत होती. एका शनिवारी क तुकडीचा रिकामा तास तिने स्वतः घ्यायचं ठरवलं, कोणाला न सांगता.

ती शिरली तसा वर्ग उठला, बसला, आणि मग सगळ्यांनी मान वळवून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. मुलं गोंधळली.

"बाई, मागे कोणी नाही," दशरथ म्हणाला. "मग हा पाठ धरायचा का?"

"हा पाठ नाही. मी शिकवणार आहे."

"तक्ता?"

"तक्ता नाही."

वर्गात कुजबुज झाली. वनमालाने खडू घेतला आणि तोंड उघडलं.

"मुलांनो, तुमच्यापैकी कोणाकोणाच्या घरी बँकेचं खातं आहे?"

"हो बाई!" साठ तोंडं.

तिने स्वतःचा आवाज ऐकला. वरच्या पट्टीतला, आनंदी, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आवाजाला पाचपैकी साडेचार.

"नीला, तुमच्या घरी खातं आहे?"

"नाही, बाई."

"मग हो का म्हणालीस?"

"प्रस्तावनेला हो म्हणायचं असतं."

कोणी हसलं नाही. ती फक्त माहिती होती. वनमालाने खडू खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. ठेव म्हणजे काय, बँक त्यातला थोडा भाग हाताशी ठेवून बाकीचे पैसे कर्जाने कसे देते, ते कर्ज फिरून दुसऱ्या कोणाची ठेव कसं होतं, हे ती सांगू लागली. हे तिला येत होतं. एम. ए.ला असताना हाच प्रश्न तिने असा लिहिला होता की सरांनी उत्तर वर्गात वाचून दाखवलं होतं. पण आता वाक्यं तुटत होती. प्रत्येक दोन वाक्यांनंतर तिच्या तोंडून "समजलं?" येई आणि वर्ग "हो" म्हणे, आणि दोघांनाही माहीत असे की याला अर्थ नाही.

मग दशरथने हात वर केला. नेहमीसारखा ताठ नाही, कोपरात वाकलेला.

"बाई, पण म्हणजे बँकेत आपले पैसे नसतातच. सगळे लोक एकदम मागायला आले तर वाट लागेल ना?"

"छान प्रश्न!" वनमाला म्हणाली. "याचं उत्तर कोण देईल?"

दशरथ उभाच होता. त्याच्या चेहऱ्यावर अपेक्षाभंग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. त्याला ओळखीची गोष्ट दिसली होती, एवढंच. वर्षानुवर्षं शेवटच्या बाकावर बसून तिने ज्यांना मनातल्या मनात हसून घेतलं होतं, ते सगळे टाय बांधलेले आणि नव्या साड्या नेसलेले लोक या एका वाक्यात येऊन उभे राहिले होते. आणि त्यांना हे वाक्य शिकवलं होतं तिनेच.

"थांब," ती म्हणाली. "उत्तर मी द्यायचंय. बस."

तिने ते दिलं. वाईट दिलं. मध्येच मागे गेली, आकडे चुकली, पुसले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ती अर्ध्यावर होती.

"बाई, नाही समजलं," दशरथ म्हणाला.

क तुकडीत हे वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. ती ते जिना चढेपर्यंत मनात घोळवत राहिली.

त्या रविवारी तिने खालची जागा घेण्याचा विचार आईला सांगून पाहिला. जानकीबाईला गिरणगावातून बोरीवलीला येऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा गिरणीत होता, आता नव्हता, आणि गिरणीही संपानंतर पुन्हा धड सुरू झालेली नव्हती. सोसायटीतल्या घराच्या दारावर 'प्रा. वनमाला राऊळ' ही पाटी तिने स्वतः उभी राहून ठोकून घेतली होती.

"खाली म्हंजे?" जानकीबाई तांदूळ निवडताना म्हणाली. "शिक्षकांका शिकवतंस ता सोडून पोरग्यांका शिकवतलंस?"

"हो."

"तुझ्या बापाशीन गिरणीत हाडां झिजवल्यान ती ह्याच्यासाठी? लोकांची चेडवां वर चढतत. माझाच काय ता उतरता." मग सुपाकडे बघत, आवाज उतरवून, "तुका तरी येता काय गो पोरग्यांका शिकवूक?"

"नाही येत," वनमाला म्हणाली.

जानकीबाईने मान वर केली. मुलीच्या तोंडून असं काही तिने पूर्वी ऐकलं नसावं. "मग बस गप," ती म्हणाली, पण जोर नव्हता.

समिती आली. तिघे होते, अध्यक्ष दुसऱ्या जिल्ह्यातले एक निवृत्त प्राचार्य, जाड काचांचा चष्मा आणि बरीच वर्षं कोणी न अडवलेल्या माणसाचं बोलणं. त्यांना ग्रंथालय दाखवलं, शैक्षणिक साधनांचं दालन दाखवलं, आणि मग आदर्श पाठासाठी अकरावी क मध्ये नेलं. पाठ चंद्रप्रकाशचा होता. घटक सांगायला नको.

वर्गाने कमाल केली. प्रस्तावनेच्या वेळी कोणी घाई केली नाही. पाठाचं नाव नेमक्या जागी, जणू नुकतंच सुचल्यासारखं निघालं. दशरथ चुकला. नीलाने ती चूक इतक्या सौम्यपणे दुरुस्त केली की समितीतल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. वनमाला अध्यक्षांच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसली होती. खाली बसताना नीलाची नजर तिच्याकडे आली. त्यात तक्रार नव्हती, सलगीही नव्हती. बरोबर झालं ना, एवढंच त्या नजरेने विचारलं, आणि वनमालाने सवयीने मान हलवून होकार दिला.

तो होकार तिच्या मानेत अडकून राहिला.

नंतर प्राचार्यांच्या खोलीत चहा आणि बटाटेवडे. देवस्थळींच्या चेहऱ्यावर तेज होतं. दाराशी चंद्रप्रकाश बशा देत उभा होता.

"वर्ग फार जागरूक आहे हो," अध्यक्ष वडा मोडत म्हणाले. "पाठ ठीक. पाठ काय, छात्राध्यापक सगळीकडे सारखेच. पण मुलं! एवढी तयारी एका दिवसात होत नाही. मागे कोणाचा तरी हात आहे. या वर्गाचे अर्थशास्त्राचे नेहमीचे शिक्षक कोण?"

देवस्थळींचा चमचा कपात फिरत राहिला. मग त्यांना सुचलं, आणि सुचल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं.

"इथेच बसल्यात की! आमच्या राऊळबाई. वरचं सगळं सांभाळून या वर्गाकडे स्वतः लक्ष देतात."

"वा, वा." अध्यक्षांनी बशी खाली ठेवून हात जोडले. "बाई, तुमच्यासारखे शिक्षक आता राहिले नाहीत. मनापासून अभिनंदन."

वनमालाने नमस्कार केला नाही. तिचे हात मांडीवर होते.

"मी नाही, सर."

"विनय!" देवस्थळी हसले. "यांचा स्वभावच असा आहे."

"विनय नाही. त्या वर्गाला अर्थशास्त्राचा शिक्षक नाही. जूनपासून नाही. तुम्ही आज जे पाहिलंत, तेवढंच त्यांना येतं. रोज वेगवेगळ्या माणसांनी तेच शिकवलंय, आणि कोण कधी शिकवणार हे मी ठरवत आले. पुस्तकातलं दुसरं पान काढून विचारा, मुलं हो म्हणतील. त्यांना काही कळलेलं नसेल."

समितीतल्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. बाकीच्यांना काय चेहरा करावा ते कळत नव्हतं. अशा खोल्यांमधून कोणता चेहरा करायचा हे सगळ्यांना पाठ असतं. हे टाचणात नव्हतं.

"राऊळबाई," देवस्थळी हळू आवाजात म्हणाले, मराठीतल्या सर्वांत मऊ शब्दांत, "आपण हे नंतर बोलू. आजचा दिवस काय आहे, तुमच्यासाठी काय आहे, याचा तरी विचार करा. ते पद..."

"ते दुसऱ्या कोणाला द्या."

"अहो, मग तुम्हाला हवंय तरी काय?"

खालून मधल्या सुट्टीचा गोंगाट वर येत होता. वनमालाने घसा साफ केला. आवाज वरच्या पट्टीत गेला नाही. दाराशी उभ्या असलेल्या चंद्रप्रकाशला ऐकायला पुढे झुकावं लागलं.

"खालची ती रिकामी जागा मला द्या. सोमवारपासून क तुकडीवर कोणी पाठ घेणार नाही. मी त्यांना शिकवणार आहे."